नावे दोन, वस्तू एक: सीमाभागाची शब्दयादी किती वेळा नव्याने करायची?

प्रति,
मा. संपादक,

विषय: शेती-सल्ला, जमिनीच्या नोंदी आणि ग्रंथालयांच्या याद्या यांसाठी सामाईक ऑन्टॉलॉजी वापरण्याबाबत

महोदय,

मोबाईलवर येणाऱ्या शेती-सल्ल्यातील मराठी कळत नाही, अशी तक्रार करणारी पत्रे गेल्या काही महिन्यांत आपल्या दैनिकात वाचली. तक्रार रास्त आहे. पत्रलेखकांनी दोष भाषांतर करणाऱ्यांना दिला आहे, तो मात्र मला अपुरा वाटतो. मी बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका महाविद्यालयात अनेक वर्षे ग्रंथपाल होतो, आणि निवृत्तीनंतर शेतकऱ्यांच्या एका गटासाठी पिके, कीड-रोग आणि शेतकामे यांच्या शब्दांची संगणकीय यादी करण्याचे काम करीत आहे. त्या कामात जे दिसले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

संकेश्वरजवळ राहणारे माझे मेहुणे एका हंगामाच्या अखेरीस आपला फोन घेऊन माझ्याकडे आले. एका सल्ला-सेवेत त्यांनी आपले पीक ‘जवारी मिरची’ असे नोंदवले होते. आपल्या भागात जवारी म्हणजे गावरान, देशी, इथल्या मातीतले. जवारी कोंबडी, जवारी बटाटा, जवारी मिरची हे शब्द मराठी आणि कन्नड घरांत सारखेच बोलले जातात. त्या सेवेच्या संगणकाला हा शब्द ठाऊक नव्हता. त्याने तो शुद्धलेखनाची चूक समजून ‘ज्वारी’ असा दुरुस्त केला, आणि मेहुण्यांना हंगामभर ज्वारीवरील खोडमाशीचे इशारे येत राहिले. मिरचीवर फुलकिडे वाढले, पाने आकसून बोकड्या पडला, तेव्हा त्या फोनवर एक ओळही आली नाही. मेहुणे मला संदेश एकेक करून दाखवत होते. सगळे संदेश शुद्ध मराठीत होते, त्यांत व्याकरणाची एक चूक नव्हती.

आम्ही त्या सेवेला कळवले आणि त्यांनी आपली यादी दुरुस्त केली, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण पुढच्या वर्षी दुसऱ्या एका सेवेत तीच चूक मला पुन्हा दिसली. त्या सेवेने आपली यादी पहिल्यापासून स्वतंत्रपणे केली होती. एका ठिकाणी झालेली दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी पोचण्याचा कोणताही मार्ग नव्हता, कारण दोन याद्यांचा एकमेकींशी काही संबंधच नव्हता. माझ्या माहितीत आपल्या जिल्ह्यात पिकांच्या अशा चार याद्या आहेत. चारही मनापासून केलेल्या आहेत आणि चारही एकमेकींना अनोळखी आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की पाचवी यादी करायला घेण्याआधी आपण थांबावे, जगात आधीच तयार असलेल्या संकल्पनांच्या मांडणीला आपले शब्द जोडावेत, आणि जोडलेले नीट सांभाळण्याची व्यवस्था करावी.

अशा मांडणीला संगणकशास्त्रात ऑन्टॉलॉजी म्हणतात. हा शब्द तत्त्वज्ञानातून आलेला आहे, पण येथे त्याचा अर्थ व्यवहारी आहे. एखाद्या विषयात कोणकोणत्या गोष्टी आहेत आणि त्यांची एकमेकींशी नाती कोणती, हे संगणकालाही कळेल इतक्या स्पष्टपणे लिहून ठेवणे, म्हणजे ऑन्टॉलॉजी. टॉम ग्रुबर यांनी १९९३ साली केलेली व्याख्या साधारण याच आशयाची आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांच्यासह २००१ साली लिहिलेल्या लेखातून ‘सिमँटिक वेब’ ही कल्पना सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचवली. पानांना पाने जोडणाऱ्या वेबमध्ये अर्थाला अर्थही जोडला जावा, ही ती कल्पना. त्यासाठी प्रत्येक संकल्पनेला वेबवर स्वतःचा एक कायमचा पत्ता दिला जातो आणि प्रत्येक विधान तीन भागांत लिहिले जाते: कशाविषयी, कोणते नाते, आणि काय. ‘खोडमाशी’, ‘नुकसान करते’, ‘ज्वारीचे’ असे ते त्रिक. ही विधाने लिहिण्याची आरडीएफ ही पद्धत १९९९ साली, गुंतागुंतीची ऑन्टॉलॉजी लिहिण्याची आउल ही भाषा २००४ साली आणि शब्दसंग्रहांसाठीची सोपी स्कॉस ही पद्धत २००९ साली डब्ल्यूथ्रीसी या वेबचे मानक ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाण म्हणून जाहीर केली. म्हणजे साधने नवी नाहीत. ती आपल्या शिवारात उतरलेली नाहीत, इतकेच.

हे सगळे नाव आणि अर्थ वेगळे ठेवण्यावर उभे आहे. खानापुरातील कोणत्याही वाचकाला हे भाताच्या उदाहरणावरून लगेच पटेल. आपण मराठीत शेतात उभे असते त्यालाही भात म्हणतो, खळ्यावरून पोत्यात भरतो त्यालाही भात म्हणतो आणि ताटात वाढतो तोही भातच. साळ आणि तांदूळ हे शब्द आहेत, पण बोलताना संदर्भावर आपले काम भागते. कन्नडमध्ये सालीसकट असतो तो भत्त, सडलेला तो अक्की आणि शिजवलेला तो अन्न. आता कोणी मराठी आणि कन्नड शब्दांचा दोन रकान्यांचा तक्ता केला, तर ‘भात’ या एका शब्दासमोर काय लिहायचे? भत्त लिहिले तर स्वयंपाकाच्या माहितीत गोंधळ होतो, अन्न लिहिले तर बाजारभावाच्या माहितीत. पीक, धान्य आणि शिजलेले अन्न या तीन संकल्पना आहेत, हे आधी मान्य करून मग प्रत्येकीला दोन्ही भाषांतील नावे जोडली, तर अडचण उरत नाही. एकच मराठी शब्द तीन ठिकाणी नाव म्हणून आला तरी चालतो, कारण संगणक शब्दावरून ओळखत नाही, पत्त्यावरून ओळखतो.

उलट प्रकारचा फसवा शब्द म्हणजे गोविनजोळ. जोळ म्हणजे ज्वारी, हे सीमाभागातील प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. पण उत्तर कर्नाटकात गोविनजोळ म्हणजे मका. आमच्याच यादीच्या पहिल्या मसुद्यात एका हुशार तरुणाने ‘जोळ’ ही अक्षरे जिथे जिथे आली तिथे तिथे ज्वारीची नोंद जोडली होती, आणि मक्यावरील लष्करी अळीची सगळी माहिती ज्वारीच्या खात्यात जाऊन बसली होती. बैलहोंगलच्या एका शेतकऱ्याने ती चूक दाखवली नसती, तर ती किती काळ राहिली असती कोण जाणे.

ग्रंथालयात काम केलेल्या माणसाला ही विद्या अगदीच अपरिचित नाही. आमच्या तालिकेच्या खणात ‘पाहा’ची कार्डे असत. वाचकाने ‘नाचणा’ शोधले, तर त्या कार्डावर लिहिलेले असे: ‘नाचणी पाहा’. पुस्तके सगळी नाचणीच्या मागे लागलेली असत, पण नाचणा म्हणणारा वाचक रिकाम्या हाताने परत जात नसे. स्कॉस या पद्धतीत हेच काम मुख्य नाव आणि पर्यायी नाव असे दोन प्रकार करून होते. प्रत्येक भाषेत एका संकल्पनेला मुख्य नाव एकच असते, पर्यायी नावे कितीही असू शकतात. मराठीत मुख्य नाव नाचणी, पर्यायी नाव नाचणा. कन्नडमध्ये मुख्य नाव रागी. सगळी एकाच पत्त्याला बांधलेली.

येथे सीमाभागाच्या दृष्टीने एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. या व्यवस्थेत कोणतीही भाषा दुसरीच्या खाली नसते. मराठीतील मुख्य नाव हे कन्नडमधील मुख्य नावाचे भाषांतर नसते. दोन्ही नावे एकाच संकल्पनेशी थेट, समान नात्याने जोडलेली असतात. आपल्या शहराची नोंद मराठीत ‘बेळगाव’ आणि कन्नडमध्ये ‘बेळगावी’ अशी एकाच पत्त्यावर राहू शकते, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले, हे वेगळे विधान तारखेसह त्याच पत्त्याला जोडता येते. १९६० सालच्या कागदावरील ‘बेलगाम’ आणि आजच्या कागदावरील ‘बेळगावी’ हे एकच शहर आहे, हे संगणकाला पुन्हा कोणी समजावून सांगावे लागत नाही. ज्या फलकांवरून आपल्याकडे पिढ्यानपिढ्या मने दुखावली गेली, तोच प्रश्न नोंदीच्या पातळीवर इतक्या शांतपणे सुटतो, हे पाहून माझ्यासारख्या माणसाला खरोखर बरे वाटले. उलट, खानापूर हे नाव एकच असले तरी आपला खानापूर तालुका आणि सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुका यांचे पत्ते वेगवेगळेच असतात, त्यामुळे तिकडच्या पावसाचा अंदाज इकडे येत नाही.

आता पुनर्वापराकडे येतो. पिकांच्या संकल्पनांची मांडणी आपल्याला शून्यातून करण्याची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा ॲग्रोव्हॉक हा शब्दसंग्रह १९८० च्या दशकाच्या आरंभापासून वाढत आलेला आहे. त्यात आज चाळीस हजारांहून अधिक संकल्पना आहेत आणि त्यांची नावे चाळीसहून अधिक भाषांत आहेत. त्यात भाताची वनस्पती आणि तांदूळ हे धान्य यांची नोंद वेगवेगळी आहे, म्हणजे आमची भाताची अडचण कोणीतरी आधीच सोडवून ठेवलेली आहे. वाणांचे गुणधर्म, ते मोजण्याची रीत आणि मापनश्रेणी यांच्यासाठी सीजीआयएआर या आंतरराष्ट्रीय कृषी-संशोधन समूहाची क्रॉप ऑन्टॉलॉजी आहे. गावे, नद्या, व्यक्ती यांच्यासाठी २०१२ साली सुरू झालेला विकिडेटा आहे, त्यात मराठी नावे कोणालाही घालता येतात. पुस्तकांच्या नोंदींसाठी शीर्षक, लेखक यांसारखे डब्लिन कोअरचे पंधरा घटक तयार आहेत, त्या कामाची सुरुवात १९९५ साली झाली. आणि भाषेच्या बाजूने आपल्याच देशात आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने झालेल्या इंडोवर्डनेटमध्ये मराठी आणि कन्नड शब्द सामाईक अर्थक्रमांकांनी एकमेकांशी जोडलेले आहेत. शब्दजाल, म्हणजे वर्डनेट, ही ऑन्टॉलॉजी नव्हे, हे मला माहीत आहे. पण मराठी आणि कन्नड शब्दांच्या जोड्या लावताना आम्हाला त्याचा जेवढा आधार झाला, तेवढा कोणत्याही छापील कोशाचा झाला नाही.

कर्नाटकात बसून हे लिहिताना ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९३३ साली त्यांनी मांडलेल्या कोलन वर्गीकरणात कोणताही विषय मूलभूत पैलूंत उलगडून पुन्हा जोडण्याची रीत होती, आणि १९६२ साली त्यांनी बेंगळुरूत प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले. संकल्पना सुट्या करून जुळवण्याची ही परंपरा आपल्याच राज्यात वाढलेली आहे. तिथे शिकलेली माणसे आजही आहेत आणि त्यांच्याकडे जाण्यास आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही.

तथापि पुनर्वापर म्हणजे उचलून आणणे नव्हे, आणि येथे मला सावधगिरीचा मुद्दा विस्ताराने मांडावासा वाटतो, कारण उत्साही तरुणांकडून सर्वांत जास्त चुका येथेच होतात. दोन याद्या जोडताना ‘हे आणि ते एकच’ असे विधान फार सहज केले जाते. आउल भाषेत दोन गोष्टी एकच आहेत असे एकदा लिहिले, की पहिलीबद्दलचे प्रत्येक विधान दुसरीलाही लागू होते आणि दुसरीबद्दलचे पहिलीला. संगणक त्यात तारतम्य पाहत नाही.

जमिनीच्या उताऱ्याचे उदाहरण घ्या. सीमाभागातील ज्या कुटुंबांची जमीन हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहे, त्यांच्या घरी एका पिशवीत महाराष्ट्राचा सातबारा असतो आणि कर्नाटकाची आरटीसी, म्हणजे पहाणीही असते. घरातील माणसे दोन्हींना ‘उतारा’च म्हणतात. दोन्ही कागद एकाच मुळातून आलेले आहेत: १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो आणि १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा इकडेही लागू होता. त्यानंतर इकडे १९६४ चा आणि तिकडे १९६६ चा नवा महसूल कायदा आला, आणि एकाच मांडणीच्या दोन आवृत्त्या वेगवेगळ्या वाटांनी गेल्या. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांची जोडणी, एकात हक्क आणि दुसऱ्यात पिके. आरटीसीत हक्क, कुळ आणि पीक यांची नोंद आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर या मापात असते, आरटीसीवर एकर आणि गुंठ्यात. आता बोलताना लोक एक आर म्हणजे एक गुंठाच धरतात, आणि ते फारसे चुकत नाहीत. पण आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. एकराच्या चाळीस गुंठ्यांत हा फरक जवळजवळ ४७ चौरस मीटर होतो. भावाभावांच्या वाटणीत ४७ चौरस मीटरवरून बांधावर काय होते, हे मी वेगळे सांगायला नको.

म्हणून ‘सातबारा आणि आरटीसी एकच’ असे लिहिणे ही घोडचूक ठरेल. स्कॉसमध्ये यासाठी नात्यांच्या पायऱ्या आहेत: तंतोतंत जुळणारे, जवळचे, अधिक व्यापक, अधिक संकुचित, नुसते संबंधित. सातबारा आणि आरटीसी यांचे नाते ‘जवळचे’ आहे, आणि तसेच लिहिले पाहिजे. आमच्या गटात असा प्रघात आम्ही पाडला आहे की ‘तंतोतंत’ असा शेरा मारण्याआधी त्या विषयातील दोन माणसांनी, शक्यतो एक मराठीभाषक आणि एक कन्नडभाषक, वेगवेगळे बसून संमती द्यावी. काम सावकाश होते, पण मागे जाऊन उसवावे लागत नाही. संपूर्ण परदेशी ऑन्टॉलॉजी जशीच्या तशी आयात करण्याचा मोहही टाळावा. चाळीस हजार संकल्पनांपैकी खानापूरच्या शेतकऱ्याला काही शेच लागतात. तेवढाच भाग त्याच्या वरच्या पालक-संकल्पनांसह घ्यावा आणि मूळ पत्ते तसेच ठेवावेत. पत्ता बदलून आपला नवा क्रमांक दिला, की पुनर्वापराचा हेतूच संपला.

जिथे आपल्या भागाची गोष्ट त्या मोठ्या संग्रहात खरोखर नसेल, तिथे मात्र नवी संकल्पना निर्भयपणे करावी. धूळवाफ पेरणी आणि नट्टी यांत फरक आहे. पावसाआधी कोरड्या रानात पेरणे वेगळे आणि चिखलात रोप लावणे वेगळे. यांपैकी प्रत्येकीला जगाच्या संग्रहात व्यापक अर्थाची संकल्पना सापडते, पण आपल्याकडील जमिनीचा प्रकार, रोहिणी-मृगाचे वेळापत्रक आणि त्यानुसार निवडले जाणारे वाण यांसकट ‘धूळवाफ’ सापडत नाही. अशा वेळी आपली संकल्पना त्या व्यापक संकल्पनेच्या खाली जोडावी. असे केल्याने शेती-सल्ला लिहिणाऱ्याला दोन्ही मिळते: जगातील संशोधनही आणि गावातील शब्दही. भाषेच्या खुणेतही थोडी सोय आहे. मराठीची खूण लावून तिच्या पुढे खासगी वापराचे शेपूट जोडता येते, त्यामुळे ‘हा शब्द बेळगावकडच्या मराठीतला’ हे नोंदवता येते, आणि पुण्याच्या वाचकाला तो चुकीचा वाटण्याचे कारण राहत नाही.

यापुढचा भाग सांभाळण्याचा आहे, आणि आमचे स्वतःचे हात येथे पोळलेले आहेत. आमच्या पहिल्या यादीत आम्ही संकल्पनांचे पत्ते मराठी शब्दांवरूनच तयार केले होते आणि ते एका खासगी संकेतस्थळाच्या नावाखाली ठेवले होते. शब्दाचे लेखन सुधारले की पत्ता बदले, आणि जुन्या पत्त्यावर अवलंबून असलेल्या नोंदी तुटत. पुढे त्या संकेतस्थळाच्या नावाची मुदत संपली, ज्यांच्याकडे नोंदणी होती त्यांनी आपले काम आवरले होते, आणि एका सकाळी आमच्या सगळ्या संकल्पनांचे पत्ते जगाच्या दृष्टीने नाहीसे झाले. यादी आमच्याजवळ होती, पण तिच्याशी जोडलेला ग्रंथालयाचा सूचीसंच आणि हवामानाचा तक्ता दोन्ही निराधार झाले. कित्येक महिन्यांचे काम पुन्हा जुळवावे लागले. ते जुळवताना सोबतच्या मुलींनी रात्री जागून ज्या निष्ठेने काम केले, ती मी विसरू शकत नाही.

तेव्हापासून आम्ही पत्त्यात शब्द घालत नाही. फक्त क्रमांक असतो. विकिडेटात आणि ॲग्रोव्हॉकमध्येही तेच केलेले आहे. पत्ते कायमस्वरूपी राहावेत म्हणून पर्ल ही सेवा १९९५ साली सुरू झाली आणि २०१६ पासून ती इंटरनेट आर्काइव्ह सांभाळते. डब्ल्यूथ्रीआयडी ही दुसरी सेवा लोकसहभागावर चालते. अशा सेवेवर पत्ता घेतला, तर मागचे संकेतस्थळ बदलले तरी पुढचा पत्ता तोच राहतो. याला खर्च जवळजवळ नाही. शिस्त मात्र लागते.

दुसरी शिस्त आवृत्त्यांची. जनुकांच्या माहितीसाठी १९९८ साली सुरू झालेल्या जीन ऑन्टॉलॉजीतील एक नियम मला अनुकरणीय वाटतो: एकदा दिलेला क्रमांक कधीही पुसायचा नाही आणि दुसऱ्या अर्थासाठी पुन्हा वापरायचा नाही. संकल्पना चुकीची ठरली, तर तिच्यावर ‘कालबाह्य’ असा शिक्का मारायचा आणि तिच्याऐवजी कोणती वापरावी ते तिथेच लिहायचे. आम्ही ‘जवारी’ ही आधी पिकाची संकल्पना म्हणून नोंदवली होती, कारण मेहुण्यांच्या प्रसंगानंतर आम्हाला घाई झाली होती. नंतर लक्षात आले की जवारी हे पीक नव्हे, वाणाचे लक्षण आहे, आणि ते मिरचीलाही लागते आणि कोंबडीलाही. जुनी नोंद आम्ही पुसली नाही. ती कालबाह्य ठरवून नवीकडे बोट दाखवले. त्यामुळे तिच्यावर अवलंबून असलेल्या कोणाचेही काम थांबले नाही. प्रत्येक आवृत्तीला क्रमांक आणि तारीख, काय बदलले आणि का बदलले याची मराठीत आणि कन्नडमध्ये टीप, मूळ संग्रहाच्या परवान्याप्रमाणे श्रेयनिर्देश, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले. परवान्याकडे दुर्लक्ष होऊ नये. विकिडेटा श्रेयाची अटही घालत नाही, ॲग्रोव्हॉक श्रेय मागतो, आणि दोन्ही एकत्र करताना कडक अट पाळावी लागते.

हे सगळे कोणी करायचे, असा प्रश्न वाचक विचारतील. माझ्या मते एका सेवेने किंवा एका खात्याने हे आपल्याकडे घेऊ नये. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, शतकाची परंपरा असलेली मराठी वाचनालये आहेत, शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या आहेत. यांनी मिळून एक छोटे मंडळ नेमावे. त्यात तंत्रज्ञ दोन असले तरी चालतील, पण भात लावणारी आणि बाजारात धान्य विकणारी माणसे अधिक असावीत. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी नवी यादी करायला सांगण्याऐवजी या सामाईक यादीतील पन्नास संकल्पना तपासायला सांगाव्यात. ऑन्टॉलॉजी लिहिण्याचे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्रोटेजे हे साधन मोफत आहे आणि त्यात मराठी नावे देवनागरीत लिहिता येतात, त्यामुळे साधनांची सबब चालणार नाही. यादी करण्याआधी तिने कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यायची ते लिहून घ्यावे. ‘माझ्या जवारी मिरचीवर पाने आकसली आहेत, काय करू?’ हा असा प्रश्न आहे. या प्रश्नाला बरोबर उत्तर येत नसेल, तर यादीत दहा हजार संकल्पना असूनही तिचा आमच्या मेहुण्यांना उपयोग नाही.

आपल्या दैनिकाला माझी एक विनंती आहे. शेती-पुरवणीत दर आठवड्याला एक छोटी चौकट द्यावी आणि त्यात एका संकल्पनेची आपल्या भागातील नावे वाचकांकडून मागवावीत, मराठी आणि कन्नड दोन्ही, गावाच्या नावासह. आलेली पत्रे आम्ही तपासून यादीत जोडू आणि जोडलेले पुन्हा आपल्या चौकटीत छापण्यासाठी कळवू. पहिल्या आठवड्यासाठी शब्दही सुचवतो: नट्टीआधी वाफ्यात वाढवलेल्या भाताच्या रोपांना आम्ही खानापूरकडे तरवा म्हणतो. निपाणी, चिकोडी, अथणी, बैलहोंगल, हल्याळ या भागांत त्याला काय म्हणतात, आणि वाफ्याला व रोपाला वेगवेगळी नावे आहेत की दोन्हींना एकच, हे वाचकांनी कृपया आपल्या दैनिकाच्या पत्त्यावर कळवावे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल
ता. खानापूर, जि. बेळगाव